कुलूप कोणाकडे होतं?

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पहिल्या नोकरीच्या गावी स्मशानाला लागून असलेल्या खोलीत मी तीन वर्षं मजेत राहिलो... कोणी साधी हाकसुद्धा मारली नाही!

आम्ही झाशीचे, सिविल लाइंसमध्ये राहतो. मी प्रोग्रामर. फावल्या वेळात एक टेक्स्ट एडिटर लिहीत होतो. त्यात उघडलेल्या फाइलचा मजकूर जिथे राहतो तो बफर, आणि त्यावर एकाच वेळी काम करणारे ते थ्रेड – एक टायपिंग घेतो, एक शुद्धलेखन तपासतो, एक सेव्ह करतो. दोघांनी एकदम हात घातला की मजकुराचा काला. उपाय मी आईकडूनच उचलला. कुळधर्माला ती सोवळ्यात असली की स्वयंपाकाला फक्त तिचा हात, बाकीच्यांनी उंबऱ्याबाहेर थांबायचं. तसंच बफरला एक कुलूप ठेवलं. ज्याच्याकडे कुलूप तोच लिहिणार, आणि कुलूप कोणी घेतलं त्याची लॉगमध्ये नोंद होणार.

आई गेल्या वर्षी गेली. आमचा कुळधर्म कुठेच लिहिलेला नव्हता, सगळा तिच्या डोक्यात. आता बाबांना आठवेल तेवढाच उरला, आणि त्यांचं विसरणं महिन्यागणिक वाढतंय. म्हणून मीच म्हटलं, बाबा, माझ्या एडिटरमध्ये लिहून काढा.

एका दुपारी त्यांनी हाक मारली, "अरे, तुझं हे फिर अटक गया."

त्यांनी 'पुरणात वेलची' असं टाइप केलं होतं. पडद्यावर 'पुरणात' एवढंच. लॉग पाहिला – टायपिंगचा थ्रेड थांबलेला, कुलूप दुसऱ्या कोणाकडे तरी, आणि नावाची जागा रिकामी. असं होऊच शकत नाही. नावाशिवाय कुलूप मिळत नाही, तो कोड माझाच आहे.

मी अडकलेली अक्षरं रद्द केली. बाबांनी जरा विचार केला आणि 'सुंठ' लिहिलं. लगेच उमटलं.

आत्याला फोन लावला. "वेलची? नाही रे भैया, आपल्याकडे सुंठच. वहिनी त्यात एकदम पक्की होती."

त्या आठवड्यात असं चार वेळा झालं. आत्याला विचारलं, तर चारही वेळा बाबा चुकले होते. मी त्याच फाइलमध्ये मुद्दाम 'वेलची' लिहून पाहिलं... बिनतक्रार गेलं.

"तुला ती कधी टोकत होती?" बाबा म्हणाले. मला भीती नाही वाटली, हेवा वाटला.

खरं तर मुदत घालायला हवी. इतक्या सेकंदांत कुलूप सुटलं नाही तर काढून घ्यायचं, कोणीही शहाणा प्रोग्रामर हेच करेल. बाबांना तसं सांगितलं.

"मत कर," ते म्हणाले. "मला कुठे गाडी पकडायची आहे?"

इतरांना दिलेल्या एडिटरमध्ये मुदत आहे. बाबांच्या कॉम्प्युटरवर जुनाच ठेवलाय. कोड दोन मित्रांना दाखवला, त्यांनाही काही सापडलं नाही. कारण मला आजही माहीत नाही.

कुळधर्म केव्हाच लिहून झाला. तरी बाबा रोज जेवण झालं की ती फाइल उघडतात, 'सुंठ' पुसतात, 'वेलची' टाइप करतात आणि हात मांडीवर ठेवून बसतात.

काल मी मागेच उभा होतो. कर्सर हलला नाही.

"आहे," बाबा म्हणाले, आणि सुंठ परत लिहिली.