राजा उशिरा का येतो

तुळशीदास झुगरेला राजा करायचं हे संदीप सरांनी ठरवलं ते निव्वळ त्याच्या आवाजावरून. मोखाड्याच्या बाजारात हा माणूस एका टोकाला खोकला, तर दुसऱ्या टोकाचा सुकटवाला वळून बघतो. शिवाय राजाला काम थोडंच होतं. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी सरांनी परदेशातलं एक जुनं नाटक मराठीत आणलं होतं. दोन घरांचं हाडवैर, एका घरचा मुलगा, दुसऱ्या घरची मुलगी, चोरून लग्न. मग एक निरोप वेळेवर पोचत नाही आणि दोघांचाही जीव जातो. शेवटी राजा येतो, चार वाक्यं बोलतो आणि पडदा पडतो.

वाक्यं तुळशीदासला लगेच पाठ झाली. घोडं अडलं ते भलतीकडंच.

"सर, हा राजा त्याच गावचा ना?"

"हो."

"दोन घरांचं वैर त्याला ठाऊक होतं?"

"चांगलंच ठाऊक होतं."

"मग दोघं मरेस्तोवर हा करत काय होता?"

सर हसले. "दादा, तो वेळेवर आला असता तर नाटक कशाला झालं असतं?"

तुळशीदासला हे काही केल्या पटेना. त्याच्या माहितीत, मुलगी मुलाबरोबर निघून गेली म्हणून कोणी विष घेत नाही. मुलाकडची माणसं एक मध्यस्थ घेऊन मुलीच्या दारी येतात, ओटीवर बसतात, चार शिव्या खाली मान घालून ऐकतात आणि लग्नाचं ठरवून उठतात. लग्न पुढं वर्षा-दोन वर्षांनी झालं तरी चालतं, बसणं मात्र व्हावं लागतं. आणि मध्यस्थ म्हटला की तुळशीदास. वावर गावापासून मोखाड्यापर्यंत किती ओट्या त्यानं झिजवल्या असतील, त्यालाच ठाऊक. चिडलेल्या बापाला तो मनसोक्त बोलू द्यायचा, दमू द्यायचा, आणि मग शांतपणे म्हणायचा, "झालं? आता पाणी पी."

खरी गोम पुढंच आहे. त्याआधीच्या होळीनंतर त्याची स्वतःची मुलगी प्रतिक्षा साखरशेतच्या मंगळूच्या मुलाकडं राहायला गेली. दोघं जव्हारला शिकायला होते, तिथलीच ओळख. तुळशीदासचा मंगळूवर राग असा नव्हता. त्यानं ओटीवर घोंगडी अंथरली आणि माणसं यायची वाट पाहिली. भात लावून झालं, कापून झालं, नाचणी झोडून झाली, पण साखरशेतहून चिटपाखरू फिरकलं नाही. मग मात्र तो बिथरला. मंगळूला एवढा कसला माज? "माणसं आल्याबिगर त्या पोरीचं नाव या घरात नको," असं त्यानं बायकोला, काशीला, बजावलं. काशीनं ते तंतोतंत पाळलं. लेकीचं नाव तिनं घरात काढलं नाही. फोन आला की ती विहिरीकडं जायची.

गॅदरिंगच्या दिवशी मैदान भरलं होतं. मेलेली मुलगी झालेली वेणू डोळे मिटून पडली होती, आणि थंडीनं तिच्या पायाचा अंगठा हलत होता. कापसाच्या दाढ्या लावलेले दोन बाप माना खाली घालून उभे होते. तुळशीदासनं तीन वाक्यं खणखणीत म्हटली. चौथं होतं, 'आता घरी जा, बसून बोलायची वेळ निघून गेली.' ते काही तोंडातून निघेना. त्यानं वेणूकडं पाहिलं, बापांकडं पाहिलं, आणि आयुष्यभर जे करत आला तेच केलं. मुकुट सावरत तो खाली मांडी घालून बसला. "बसा," तो म्हणाला. पोरं घाबरून बसली.

"निरोप घेऊन कोण निघालं होतं?" राजानं विचारलं.

हे नाटकात नव्हतं. आतून सर कुजबुजत होते, "वेळ निघून गेली, दादा, वेळ निघून गेली." काही लोक हसले. पुढं बसलेली फागी म्हातारी मात्र मनापासून म्हणाली, "कोणीच नाय निघालं, दादा." सरांनी पडदा पाडला.

दुसऱ्या दिवशी तुळशीदास साखरशेतला जायला निघाला. मुलीच्या बापानं आधी जायचं, असली रीत त्यानं कधी पाहिली नव्हती. जाऊन काय बोलतात, कुठं बसतात, काही ठाऊक नव्हतं.  काशी त्याच्याआधी जीपमध्ये जाऊन बसली.

मंगळू त्याला बघून गडबडला. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. बोलणं सुरू करून देणारा तिसरा माणूसच नव्हता.

"दादा, मध्यस्थ कोण आणलास?" शेवटी मंगळूनं विचारलं.

"कोणी नाय."

"आमालाबी नाय गावला. ज्याला विचारावं तो म्हणं, तुळशीदादाला घेऊन जा. आता तुलाच घेऊन तुझ्याच दारी कसं यावं, सांग."

तुळशीदासला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात प्रतिक्षा बाहेर आली. तिच्या कडेवर तान्हं होतं. काशीनं ते सरळ उचलून घेतलं, मुलगा की मुलगी हेसुद्धा विचारलं नाही. म्हणजे हिला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याला नातवंड आहे हे त्याला एकट्यालाच माहीत नव्हतं.

"बा," प्रतिक्षा म्हणाली, "लोकांच्या पोरींसाठी तू ताटावरून उठून जायचास. माझ्या वेळेला घोंगडीवर बसून राहिलास."

चिडलेल्या बापांना द्यायची उत्तरं त्याच्याकडं ढिगानं होती. चिडलेल्या मुलीला काय सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या बैठका केल्या, पण मुलगी तिथं कधी नसायचीच. तिला काय म्हणायचंय हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

ती पुष्कळ बोलली. बाळंतपणाचं बोलली, दिवाळीचं बोलली, बोलता बोलता रडली. मंगळूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तुळशीदासनं तो हातानं बाजूला सारला.

"थांब," तो म्हणाला. "तिचं अजून झालं नाय."