चन्नव्वाच्या भिंतीचा फोटो

लोकांचे नवरे बायकोचे फोटो काढतात. माझ्या नवऱ्यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बाजेच्या विणीचे, वाळत घातलेल्या मिरच्यांचे, बस स्टँडवरच्या गंजलेल्या पत्र्याचे आणि विहाराच्या निळ्या भिंतीवर पडलेल्या कडुलिंबाच्या सावलीचे फोटो काढले. त्या सावलीच्या फोटोत एका कोपऱ्यात माझी चप्पल आली आहे. तेवढाच काय तो माझा वाटा.

राजपाल म्हणजे बीदरजवळच्या जनवाड्याचा फोटोवाला. नवऱ्याला नावानं बोलावते म्हणून माझ्या सासूबाई, सुभद्राबाई, आधी कुरकुर करायच्या. पण दुकानाच्या पाटीवर 'राजपाल फोटो' असं हातभर अक्षरांत रंगवलेलं असताना मी एकटीनं लाजून काय उपयोग?

तो काम शिकला हुमनाबादच्या एका स्टुडिओत. तिथं मागं एक पडदा असायचा. निळं तळं, बर्फाचे डोंगर, काठाला लाल फुलं. लॉरी ड्रायव्हर असो की नवी नवरी, सगळ्यांना त्या तळ्याकाठी उभं करायचं. राजपाल सांगतो, रोज तो बर्फ बघून त्याला पडसं यायचं. म्हणून जनवाड्यात स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा त्यानं हौसेनं स्वतः पडदा रंगवला. फुललेली करडई, मागं लाल मातीचा बांध, बांधावर एक बाभळ.

गावानं तो पडदा बघितला आणि तोंड वाकडं केलं. "आरं, करडई तर रोजच बघायलाव की! फोटोत तरी दुसरं काय दाव." झालं. दोन महिन्यांत हुमनाबादहून तळ्याचा पडदा आणावा लागला आणि करडईचा पडदा आमच्या घरात ज्वारीच्या पोत्यांवर गेला. राजपाल चार दिवस मान खाली घालून जेवला.

ते दिवस मला फार आठवतात. दुकानात दोरीनं बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि एकच काळा कोट. जनवाड्याच्या निम्म्या पुरुषांनी सोयरीक जुळवताना तोच कोट घातला. जाड्याला पुढं बटण लागायचं नाही, रोडक्याला मी मागून चिमटे लावायची. फोटो धुऊन यायला आठवडा लागायचा आणि माणसं पाकीट उघडायच्या आधी हात पुसायची. आता कोण येतं? फोनमध्येच फोटो, फोनमध्येच कोट, आणि मागं कुठला देश पाहिजे तो.

पुढं कॉम्प्युटर आला, फ्लेक्सचा धंदा आला, तसं राजपालचं जुनं वेड वर आलं. सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचा आणि तासाभरानं एखाद्या भिंतीचा फोटो घेऊन घरी यायचा. मी म्हणायची, "माणसं मेली का गावातली?" तो हसायचा आणि कॉम्प्युटरपुढं बसायचा. मग त्या मिरच्यांतून लग्नपत्रिकेची लाल किनार निघायची. बाजेची वीण बारशाच्या कार्डावर जाळी होऊन यायची. बीदरची गिऱ्हाइकं विचारायची, "राजपालअण्णा, ही डिझाईन कुठनं आणायलाव?" हा म्हणायचा, "गावातनंच की." त्यांना वाटायचं, चेष्टा करतोय.

माझं काम गल्ल्यावर बसायचं आणि कॉम्प्युटरची स्क्रीन सांभाळायचं. गिऱ्हाईक आलं की पहिलं बोट स्क्रीनवर! "ह्ये बघा, हितं जरा गोरं करा." ते बोट तेलाचं, गुळाचं, तंबाखूचं. मी पाटीच लावली होती, 'स्क्रीनला हात लावू नये'. ती पाटीसुद्धा लोक बोट लावून वाचायचे. माझ्या हातात दिवसभर ओलं फडकं आणि तोंडात शिव्या.

बस स्टँडमागं चन्नव्वाची लांबलचक भिंत होती. पाऊस सरला की ती त्या भिंतीवर गवऱ्या थापायची, वरपासून खालपर्यंत, एका ओळीत. चन्नव्वाच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कडबा कापायच्या मशीननं अर्धं नेलं होतं. त्यामुळं तिच्या प्रत्येक गवरीवर तीन बोटं लांब आणि एक आखूड उठायचं. सकाळचं ऊन तिरपं पडलं की सगळी भिंत हातांनी भरून जायची. राजपाल त्या भिंतीपुढं खुळ्यासारखा उभा राहायचा. "चन्नव्वा, तुझा बी एक काढू दे की," असं त्यानं कितीदा म्हटलं असेल. ती म्हणायची, "आज न्हाई बाबा. चांगलं लुगडं नेसलं की सांगते." ते चांगलं लुगडं काही ट्रंकेतून बाहेर आलं नाही.

आणि मग काशप्पाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्स बोर्डाचं प्रकरण झालं. काशप्पाला पंचायतीला उभं राहायचं होतं. त्याचा हात जोडलेला फोटो, आणि मागं राजपालनं तीच भिंत टाकली, जरा सोनेरी करून. बोर्ड बस स्टँडवर लागला. सगळे वा वा करायला लागले. कुणाला सोन्याची नाणी वाटली, कुणाला कमळं. काशप्पा तर फुगून टम्म. तेवढ्यात चन्नव्वा आली शेणाची पाटी डोक्यावर घेऊन. वर बघितलं, पाटी खाली ठेवली आणि भर स्टँडवर ओरडली, "अय्यो, ह्या तर माझ्या गवऱ्या की! ह्ये बघा माझं बोट!"

सगळं स्टँड हसलं. काशप्पा आमच्या दुकानात येऊन जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. बोर्ड उतरला आणि राजपालला आठ दिवस तोंड लपवून फिरावं लागलं. तो उतरवलेला बोर्ड चन्नव्वानं मागून नेला आणि पावसाळ्यात गवऱ्यांच्या ढिगावर टाकला. सगळा पावसाळा काशप्पा तिथं आभाळाकडं बघत हात जोडून पडला होता.

त्यानंतर राजपालनं फोटोचं विचारलं की चन्नव्वा हात हलवून म्हणायची, "माझा निघाला की एकदा. परत कामून?"

घरोघर गॅस आला. भिंतीवरच्या गवऱ्या कमी होत गेल्या. गेल्या साली चन्नव्वाही गेली. त्या भिंतीवर आता सिमेंटची जाहिरात आहे.

परवा तिची मुलगी मल्लेश्वरी दुकानात आली. तिला हुमनाबादला दिलीय. आईचं वर्षाचं पुण्यस्मरण दोन दिवसांवर आलेलं, आणि चारचौघांत मांडायला आईचा फोटो नव्हता. पदरात बांधून तिनं आधार कार्ड आणलं होतं. एकुलती एक लेक, सगळं तिच्याच अंगावर.

आधार कार्डावरचे फोटो कसे असतात ते मी सांगायला नको. राजपालनं तो मोठा केला. चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला. त्यानं डोळे नीट केले, कपाळाला विभूती लावली, हिरवं लुगडं नेसवलं. दुपार त्यात गेली. मल्लेश्वरी स्टुलावर बसून बघत होती.

"कसं वाटायलंय?" राजपालनं विचारलं.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "अण्णा, ही माझी अव्वा न्हाई." आणि तिला रडू फुटलं. "माणसं येतील, फुलं वाहतील, पाया पडतील. ते सगळं ह्या परक्या बाईला व्हय? माझी अव्वा कुठं बसायची मग?"

मी तिला पाणी दिलं. राजपालनं स्क्रीनवरचा चेहरा बंद केला आणि कॉम्प्युटरमधलं 'भिंती' नावाचं कपाट उघडलं. कॉम्प्युटर रखडतोय, ते सगळं पुसून टाक म्हणून मी वर्षभर त्याच्या मागं लागले होते. त्यानं ऐकलं नव्हतं.

स्क्रीनवर चन्नव्वाची भिंत आली. तिरपं ऊन, ओळीनं गवऱ्या.

मल्लेश्वरी डोळे पुसता पुसता थांबली, आणि भडकलीच. "शेणाला फुलं वाहू व्हय मी? आमच्या सासरचे काय म्हणतील? काशप्पाची चेष्टा झाली ती झाली, आता माझ्या अव्वाची करायलाव?"

तिचं काही चुकत नव्हतं. मलाही राजपालचा रागच आला. पण तो वाद घालत बसला नाही. त्यानं एक गवरी धरली आणि मोठी करत गेला. भिंत गेली, बाकीच्या गवऱ्या गेल्या. स्क्रीनवर एकच गवरी उरली, आणि तीत एक हात. खऱ्या हाताएवढाच. तळव्याची घडी दिसत होती, बांगडी घासल्याची खूणही. तीन बोटं लांब, एक आखूड.

बाहेर स्टँडवर बीदरची बस लागली, माणसं चढली, बस गेली.

मल्लेश्वरी उठली. स्क्रीनजवळ गेली आणि तिनं आपला उजवा हात त्या हातावर ठेवला. मी बोलणार होते, सवयीनं तोंड उघडलंसुद्धा होतं. तिची बोटं आईच्या बोटांवर बरोबर पडली. फक्त ते एक बोट बाहेर राहत होतं. तिनं हात काढला, ते बोट अर्ध्यातून दुमडलं आणि हात पुन्हा ठेवला.

आता हात नेमका बसला.

"लहानपणी जेवाया घालताना ह्ये आखूड बोटच आधी लागायचं तोंडाला," ती म्हणाली. मग हात न काढताच, "ह्यो छापा अण्णा. एवढाच हात. खाली नाव टाका."

ती गेली. स्क्रीनवर तिच्या हाताचा ठसा राहिला, घामाचा आणि डोळ्यांतल्या पाण्याचा. मी फडकं ओलं केलं, पिळलं, आणि बाहेर जाऊन दुकानाचं शटर पुसून आले.