एका टिपाडावर उतरणारं विमान

आमच्या गावात 'हॅरियर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चारचाकी येते. तालुक्यातल्या दोन-तीन पुढाऱ्यांकडे आहे, पांढरी, काळ्या काचांची. त्यामुळे माझे बाबा हॉटेलात चहा पिताना "मी पंधरा वर्षं हॅरियरवर होतो" असं म्हणाले की समोरचा अदबीनं विचारतो, "कोन्या साहेबाच्या गाडीवर होते तुमी?" बाबांनी आता समजावून सांगणं सोडून दिलंय. हसतात आणि चहा संपवतात.

तर हा प्रवास त्या दुसऱ्या हॅरियरकडे जाण्याचा. सी हॅरियर. नौदलाचं लढाऊ विमान, हवेत जागच्या जागी थांबायचं आणि जहाजावर सरळ खाली उतरायचं. बाबा तिथे मेकॅनिक होते. विमानं सेवेतून केव्हाच निवृत्त झाली, पण गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या जुन्या विमानांचं संग्रहालय आहे, तिथे एक उभं आहे. दिवाळीत कुणीतरी बाबांच्या मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला. बाबांनी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला आणि म्हणाले, "रंग गेलाय बघ. पार खराब व्हायच्या आत एकदा जाऊन यावं."

मी संभाजीनगरला नोकरी करते, गाडी चालवते, रजा शिल्लक होती. म्हटलं, चला.

अडचण होती ती मायची. माय म्हणजे माझी आई. "मला न्हाई बघायचं त्या इमानाचं तोंड," ती म्हणाली. "पंधरा वर्षं खाल्ली त्यानं माझी." खोटं काय होतं त्यात? बाबा वर्षातून एकदा रजेवर यायचे. इकडे सासू, आम्ही दोघं लेकरं, दुसऱ्याच्या रानातली खुरपणी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. बाबा येऊन कायमचे घरी बसले, त्यालाही आता किती वर्षं झाली. पण तिकडे तुम्ही काय करत होतात, हे तिनं त्यांना एकदाही विचारलेलं नाही. बाबांनी विषय काढला की ती उठून चुलीकडे जाते. मला पक्कं ठाऊक होतं, बाबांना विमान बघायची जेवढी ओढ होती त्याहून जास्त ते मायला दाखवायची होती. एकदा तरी तिनं विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"विमान नको बघू," मी म्हटलं. "समुद्र तर बघशील?"

नौदलातल्या माणसाची बायको, साठी ओलांडली, आणि समुद्र पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर धपाटे करायला पीठ मळत होती.

पहिला दिवस. आमचं गाव पाटोद्याच्या रस्त्यावर, लिंबागणेशच्या थोडं अलीकडे. घर गावाच्या खालच्या अंगाला, विहाराशेजारी. सकाळी सहाला निघालो. मांजरसुंब्याला पहिला चहा. ज्यांना आमच्याकडून दक्षिणेत जायचंय त्यांनी इथेच पोट भरून घ्यावं, ढाबे पहाटेपासून जागे असतात. हंगाम सरत आला होता तरी घाटात सीताफळं विकायला बायका बसल्या होत्या. मायनं दहा मिनिटं घासाघीस करून एक पाटी घेतली आणि मग विकणारीलाच त्यातली दोन खायला दिली. तिचा हिशेब मला आजवर कळलेला नाही.

मांजरसुंब्यापासून सोलापूरपर्यंत चौपदरी रस्ता आहे, डोळे झाकून जावं असा. म्हणजे झाकू नका, ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतात. धाराशिवच्या पुढे बाबांनी बोलायला सुरुवात केली, माझ्याशी, पण आवाज मागच्या सीटवर पोहोचेल एवढा. मूळ विमान इंग्रजांचं. जमिनीवरून उडून सैनिकांच्या मदतीला बॉम्ब टाकणारं, धावपट्टी उखडली तरी झाडीतून वर येणारं. त्याचंच समुद्रासाठी केलेलं भावंड म्हणजे आपलं सी हॅरियर. नाकात रडार, बसायची जागा जरा उंच, म्हणजे वैमानिकाला चहूकडे दिसावं. शिकवणीसाठी दोन सीटांचं वेगळं. अमेरिकेनं पुढे त्याचे पंख मोठे केले, ओझं जास्त वाहायला लावलं.

"सरळ वर उडायचं ना ते?" मी मुद्दाम विचारलं.

"उडायचं, पन ते पाव्हन्यांना दाखवायला. बॉम्ब लादले की जड व्हतंय. मंग जहाजाच्या टोकाला चढ असतो, तिथून पळत जाऊन उडी. उतरताना मातर सरळ खाली. खरी कला उतरन्यात हाय."

मी आरशात पाहिलं. माय खिडकीबाहेर बघत सीताफळाच्या बिया एका कागदात गोळा करत होती.

सोलापूरला बाहेरून वळलो. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर. हा रस्ताही आता चांगला झालाय, फक्त जेवायचं सोलापूरच्या आसपासच उरका. आम्ही लिंबाखाली गाडी लावून धपाटे आणि दही खाल्लं. कोल्हापुरात बसस्टँडजवळ साधं लॉज घेतलं. तांबडा-पांढरा रस्सा बाबांनी तीन वाट्या प्यायला. मायचं मत विचारलं तर म्हणाली, "पाण्यासारखा हाय, पन बरा हाय." आमच्याकडे ही तारीफ असते.

दुसरा दिवस. निपाणी सोडून आजरा, आंबोली. घाट धुक्यात होता, हळू चालवा, वळणावर हॉर्न द्या, माकडांना काही खायला देऊ नका. सावंतवाडीनंतर हवा बदलते, अंगाला चिकटते. बाबा तिथेच बदलले. काच खाली केली, नाकानं हवा ओढली आणि माझ्या लहानपणी कधी न पाहिलेल्या एका माणसासारखे बसून राहिले. मला त्यांचा हेवा वाटला आणि रागही आला. आम्ही त्यांची वाट बघत असताना हे तिकडे असे दिसत असतील, असं मनात आलं.

संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते, बेत आखताना लक्षात ठेवा. तिकीट किरकोळ आहे. विमानं बाहेर हिरवळीवर, उन्हात उभी, म्हणून टोपी आणि पाणी जवळ हवं. दुपारी दोनला आम्ही पोहोचलो. बाबा आत शिरले आणि एकदाही इकडेतिकडे न बघता सरळ चालत गेले.

फोटोत वाटतं त्याहून ते लहान आहे. बुटकं, खांदे वर काढलेलं, पोटाला दोन्हीकडे दोन-दोन तोंडं. बाबा त्याच्याभोवती दोनदा फिरले. मग पाठीवर हात बांधून उभे राहिले, हात लावू नका अशी पाटी होती म्हणून. मी पुढे होणार तेवढ्यात माय त्यांच्या शेजारी जाऊन थांबली. उन्हाला पदर डोक्यावर घेतलेला, चेहरा भांडायला आल्यासारखा.

"काय काम व्हतं तुमचं ह्याच्यात?" ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी विचारलं. बाबांनी पाठीवरचे हात सोडले. मग म्हणाले, "बरंच व्हतं. पन माझ्याकडं खास म्हंजी पानी भरायचं."

"पानी?"

"ही चार तोंडं खाली वळवायची, की इंजिनाचा सगळा जोर खाली. त्या जोरावर इमान हवेत हुबं राहतंय. पन आपल्याकडं ऊन लई, इंजिन तापतंय, जोर पुरत न्हाई. मंग उतरायच्या टायमाला इंजिनात पानी सोडायचं. शुद्ध केलेलं पानी, धुळीचा कन बी चालत न्हाई त्यात. ते मी भरायचो."

"किती लागायचं?"

"दोनशे लिटरच्या वर. दीड मिनिटात खलास."

मायनं विमानाकडे पाहिलं. "म्हंजी एक टिपाड," ती म्हणाली.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी: टिपाड म्हणजे पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं मोठं पिंप. टँकरच्या दिवसांत घराला एक टिपाड मिळायचं, आणि पुढचा टँकर कधी येईल ते कुणी सांगत नसे. त्यात स्वयंपाक, भांडी, आजीची अंघोळ, शेळी. अंघोळीचं पाणी फरशी पुसायला, तेच पुढे पेरूच्या झाडाला. मी हे सगळं पाहिलंय, म्हणून मला वाटलं, आता इथेच भडका उडणार.

"आमी एका टिपाडात चार-चार दिवस काढले," माय म्हणाली. "अन् तुमी दीड मिनिटात वतून मोकळे."

"आतमधी मानूस असायचा गं," बाबा हळू म्हणाले. "पानी नसलं तर तो नीट खाली येत न्हाई. रोज कुनाचं तरी लेकरू उतरायचं त्या टिपाडावर."

शेजारी एक कुटुंब फोटो काढून गेलं. मग तिनं वेगळंच विचारलं.

"अन् तुमाला कोन पानी देत व्हतं तिथं?"

बाबा हसले. "नळ व्हता. पयल्या दिवशी लई गंमत झाली. भरती होऊन गेलतो, ट्रेनिंगला. तहान लागलेली. नळापाशी गेलो अन् ओंजळ करून बाजूला हुबा राहिलो."

"कावून?"

"कुनी येऊन वरून वतील म्हनून. आपल्याला काय म्हाईत, आपन हात लावायचा असतो ते. मागं एक बिहारचा पोऱ्या व्हता, तो वैतागला. 'अबे, पी ना,' म्हनला. मी त्याच्याकडं बघितलं, नळाकडं बघितलं. लावला हात. कुनी काय म्हनलं न्हाई. माझ्या मागून त्यानं बी त्याच नळाला तोंड लावलं."

हे बाबांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. गावातल्या वरच्या विहिरीवर आजी घागर घेऊन तासन्‌तास बसायची, दया येऊन कुणी ओतेपर्यंत, एवढं ऐकून होते. ते मला जुन्या काळातलं वाटायचं. माझे बाबा ओंजळ पसरून उभे आहेत, हे चित्र माझ्याकडे नव्हतं. मला तिथे, त्या हिरवळीवर, सगळ्यांदेखत रडू आलं.

"रजेवर आलो की आठ दिवसांत जीव तिकडं वढायचा," बाबा म्हणाले. विमानाकडे बघत, मायकडे नाही. "तुला वाटायचं, इमानासाठी. मला सांगायची लाज वाटायची. तिकडं मी निस्ता मानूस व्हतो."

मायनं पदर सारखा केला. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"मंग मला बी न्यायचं व्हतं की."

सुरुवातीला घर मिळायचं नाही, नंतर आजी अंथरुणाला खिळली, अशी कारणं होती, आणि ती खरी होती. पण त्यांनी ती सांगितली नाहीत. "व्हय," एवढंच म्हणाले. "न्यायचं व्हतं."

बोगमाळोचा किनारा तिथून पाच मिनिटांवर आहे. छोटा, फारशी गर्दी नसलेला, म्हाताऱ्या माणसांना चालायला सोपा. माय चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली. लाट पायावरून गेली तेव्हा तिनं माझा दंड धरला. मी विचारलं, कसा आहे समुद्र? "मोठा हाय," ती म्हणाली. "ह्यांच्याकडं इतकं व्हतं अन् एका शब्दानं बोलले न्हाईत." बाबा मागे वाळूत बसले होते, बूट न काढता.

परतीचा प्रवास आलो त्याच रस्त्यानं. सांगोल्याजवळ मायनं मागून विचारलं, "अन् जेवायला काय असायचं?" बाबांनी सांगितलं. मग तुळजापूर येईपर्यंत ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. झोपायचं कुठं, कपडे कोण धुवायचं, सणाला काय करायचे, आजारी पडलात तेव्हा कपाळाला हात कुणी लावला. मी गाणी बंद केली होती.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. मी परत माझ्या नोकरीवर. हे दोघं गेले की हे सगळं जाणार, म्हणून लिहून काढलं. मी तिथे त्यांच्यात समेट घडवायला गेले होते, असं माझं मला वाटत होतं. समेट वगैरे काही झालेला नाही. मायचा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. तिला त्या पंधरा वर्षांतलं तिचं राहिलेलं हवं आहे, बस. तुम्ही तुमच्या आईबापांना घेऊन कुठे जाणार असाल तर लवकर जा, आणि गाडीत गाणी लावू नका.

काल संध्याकाळी घरी फोन केला. मायनं उचलला, पण तिचं लक्ष नव्हतं, मागून बाबांचा काहीतरी सांगत असल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "माय, जेवलीस का?"

"आगं, थांब जरा," ती म्हणाली. "मागून कर फोन. आमचं जहाज आत्ताच कोचीनला लागलंय."