टेप ताणून धर, बापू!

चार माणसं दर रविवारी दुपारी एका टेबलाभोवती बसून इंचाइंचावरनं भांडत असली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. विट्यात आम्ही असे चौघं होतो. आता तिघंच आहोत, म्हणून सांगायला बसलोय.

हा खेळ आणला विलासनं. विलास गलाईवाला. सेलमला सोनं गाळण्यात त्याची ऐन उमेद गेली. ॲसिडच्या वाफांनी छाती खराब झाली, तसा दुकान भावाला देऊन गावी परतला. सोबत एक पत्र्याची पेटी. आम्हाला वाटलं, सोनं! निघाले बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक. एकेक हातानं रंगवलेला, बुडाला गोल चकती. तिकडच्या मित्रांनी त्याला शिकवलेला लढाईचा खेळ. टेबल हे रणांगण, थर्माकोलच्या टेकड्या, आणि चाल असो की गोळी, सगळं टेपनं मोजायचं.

* * *

पहिलं भांडण पहिल्याच दिवशी. अंतर मोजायचं कुठनं?

बापू म्हणजे आमचा घोंगडीवाला, म्हसवडकडचा. त्यानं आपल्या सैनिकाला खराट्याची लांबलचक काडी चिकटवून भाला केला होता. म्हणाला, "भाल्याच्या टोकापासनं मोजा!"

विलास म्हणाला, "चकतीच्या कडंपासनं मोजायचं. भाला किती बी लांब असूंदे."

"मग माझ्या भाल्याचा उपेग काय रं?"

"दिसाय झ्याक हाय की!"

* * *

दुसरं भांडण टेकडीचं. टेकडीवर जाताना चढ मोजायचा, की नुसतं आडवं अंतर? मी म्हटलं आडवं. बापू उसळला. "मेंढरामागं एकदा चढून बघ गड्या, मग सांग!"

निकाल द्यायचा विलासनं. माझ्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही खेळायचो. विलास नुकताच जिना चढून आला होता, भिंतीला टेकून दम खात होता. म्हणाला, "चढ धरा गड्यांनो. मी आता पायऱ्या बी धरतोय."

आम्ही खो खो हसलो. तोही हसला, आणि मग त्याला जो खोकला लागला, तो थांबेचना. पुढच्या रविवारपासनं आम्ही त्याच्या घरी खेळायला लागलो.

* * *

आमचे चौथे म्हणजे सुभेदार आबा. मूळचे कोरेगावचे, फौजेतनं रिटायर होऊन विट्यात लेकीकडं राहतात. आमच्या खेळात आधी नेम कुणावर ते सांगायचं, टेप नंतर लावायचा. पल्ला कमी पडला तर गोळी वाया. आमच्या निम्म्या वाया जायच्या, सुभेदारांची एकही नाही!

बापूनं एकदा विचारलं, "आवं आबा, एवढं अचूक कसं काय जमतं?"

"तिकडं टेप नसायचा," एवढंच म्हणाले.

एका रविवारी बापूचा एक जखमी सैनिक एकटाच मागं सरकत होता. सुभेदारांची चाल. विलास म्हणाला, "मारा की आबा!" सुभेदार बराच वेळ त्या सैनिकाकडं बघत राहिले.

"पोचत न्हाई."

बापूला कुठलं कळतंय! त्यानं टेप लावला. चांगली दोन बोटं शिल्लक! "आवं, पोचतंय की!"

"मी म्हटलं न्हवं, पोचत न्हाई."

आणि उठून अंगणात जाऊन उभे राहिले. चहा आला, निवला. कुणी त्यांना हाक मारली नाही.

* * *

पुढं विलासला वाकणं जमेना. ऑक्सिजनची नळी नाकाला आली. तो खाटेवरनं चाल सांगायचा, आम्ही सैनिक सरकवायचो. बापू त्याच्यासाठी मोजताना टेपचं मागचं टोक जरा ढिलं सोडायचा, म्हणजे ते पुढं सरकायचं आणि विलासचा सैनिक बोटभर जास्त जायचा. मी बघितलं, सुभेदारांनीही बघितलं.

एकदा विलास म्हणाला, "बाप्या, टेप ढिला हाय."

"न्हाई रं, नीट हाय."

"मी अजून मेलो न्हाई. ताणून धर!"

बापूनं ताणला. विलासचा सैनिक अर्ध्या इंचानं कमी पडला, आणि डाव हरला. त्या दिवशी विलास इतका खूश दिसला!

* * *

विलास गेला. दिवस झाले. खेळ संपला असं आम्ही धरून चाललो होतो, तर संगीता वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, निरोप आला : "रविवारी या."

गेलो. अर्धा राहिलेला शेवटचा डाव टेबलावर तसाच होता. धूळ तेवढी पुसलेली. वहिनी विलासच्या सैनिकांच्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या.

"ह्यो एकटाच लांब का हाय?" त्यांनी एका सैनिकावर बोट ठेवलं.

बापू मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, एका तुकडीतल्यांनी दोन इंचाच्या आत राहायचं असतं. ह्यो लांब पडला. आता नियमानं उचलायचा."

"कुणी?"

"ज्याचा असंल त्यानं."

वहिनी त्या सैनिकाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढं केला. त्याला उचललं नाही. बाकीचे सगळे एकेक करून उचलले आणि त्याच्याभोवती आणून ठेवले, अगदी चिकटून.

बापूनं सुभेदारांकडं बघितलं. मीही बघितलं.

सुभेदारांनी टेप गुंडाळून खिशात घातला.

"बापू," ते म्हणाले, "चाल तुझी."