पाणाड्याचा नारळ

"डाक्टर, सोडू नगा त्याला! आत लागलंय!" शेजारच्या खाटेवरून म्हातारा ओरडला.

बैलाने अशी लाथ घातली होती, की मी नेवाशात उडालो तो पुणतांब्यात पडलो. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरून मला घरी जायला सांगितलं होतं.

म्हातारा पाणाड्या, तळहातावर नारळ धरून जमिनीखालचं पाणी शोधणारा. विहिरीत पडून पाय मोडला, पण हातातला नारळ सुटला नव्हता. लंगडत आला आणि तळहातावरचा आडवा नारळ माझ्या पोटावरून फिरवू लागला. डाव्या बरगडीखाली नारळ ताठ उभा राहिला!

त्याला खोटं पाडायला डॉक्टरांनी तिथेच सुई खुपसली. सुईत रक्त आलं. लगेच ऑपरेशन झालं, मी वाचलो.

"आजोबा, फोटो हरला, नारळ जिंकला!" डॉक्टर म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या. किती फुटांवर लागलं?"