गावंडे साहेब आणि स्टँडवरची पोरं

एक माणूस बरीच वर्षं एकाच तालुक्यात साहेब राहिला की त्याचे किस्से साचतातच. आमच्या दर्यापूरच्या गटशिक्षणाधिकारी गावंडे साहेबांचे तर इतके, की दोन मास्तर भेटले तरी चहा पुन्हा सांगावा लागतो!

साहेब यंदाच्या पावसाळ्यात गेले. अकोल्याला त्यांच्या तेरवीलाही आम्ही शिक्षक मंडळी कोपऱ्यात बसून किस्सेच सांगत होतो. कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचे भाऊ डोळे वटारून बघायला लागले. तेवढ्यात काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, म्हणाल्या, "हासू द्या भाऊजी! या मानसानं त्याहिले जल्मभर रडवलं."

निघताना मात्र आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. दिवाळीनंतर स्टँडवर आता कोण उभं राहणार?

*

स्टँडचं सांगते. दिवाळी झाली की मेळघाटातली कोरकू कुटुंबं परतवाड्याहून जीप भरभरून आमच्याकडे कापूस वेचायला येतात. मुलंही सोबत. मग त्यांची गावची शाळा सुटते ती सुटतेच. साहेब पूर्वी तिकडे मेळघाटातच, सेमाडोहला मास्तर होते, दिवाळीनंतर वर्ग रिकामा होताना त्यांनी पाहिला होता. म्हणून साहेब झाल्यावर ते सकाळीच स्टँडवर जाऊन उभे राहायचे आणि जीपमधून उतरलेली मुलं थेट जवळच्या शाळेत न्यायचे. याचा जी.आर. वगैरे काही नव्हता. साहेब उभे राहायचे म्हणून चालायचं.

एकदा एका शेतकऱ्याला ते मजुरांचे मुकादमच वाटले. "काहो मुकादम, वेचाले बाया पायजेत. हायेत काय?"

"हायेत ना! बाया तुमाले, पोरं मले. जमते काय?"

त्या माणसानं जमवलं! सीझनभर तो स्वतःच्या ट्रॅक्टरवर मुलं शाळेत सोडायचा. साहेबांना मात्र शेवटपर्यंत मुकादमच म्हणायचा.

*

आमचे हेडमास्तर तायडे सर म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. साहेब मुलं घेऊन आले की त्यांच्या कपाळावर आठ्या. एकदा ते बोललेच, "साहेब, हे पोरं दोन महिने राहतीन अन् चालले जातीन. काहून माह्या शाळेचा निकाल बिघडवून राहिले?"

साहेब शांतपणे म्हणाले, "तायडे, तुमची बदली होऊन तुमी इथं आले, तवा गावानं इचारलं होतं काय, किती दिवस राहता म्हनून?"

तायडे सरांनी मुलं घेतली, पण बसवली मागे, दाराजवळ. दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि त्या मुलांमध्ये मांडी घालून बसले. तास संपल्यावर म्हणाले, "सर, तुमचा आवाज इथवर येत नाही. उद्या बी येतो, पाहू येते काय!"

दुसऱ्या दिवशी मागची रांग पुढे होती.

*

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझ्या वर्गात सेमाडोहकडची एक मुलगी आली होती. कित्येक दिवस तिनं तोंडच उघडलं नाही. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, मुकी असंन हो ही. दवाखान्यात दाखवा."

साहेबांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक प्राणी काढला. चार पाय, लांब शेपूट, वर दोन कान. म्हणाले, "हे अस्वल."

ती मुलगी ताडकन उठली. साहेबांच्या हातातला खडू घेतला, शेपूट पुसलं आणि म्हणाली, "अस्वल असं नसते!"

अख्खा वर्ग हसला. साहेब सगळ्यात जास्त. जाताना मला म्हणाले, "बाई, पोरगी मुकी नाही. तुमी तिले आजवर काही चुकीचं दाखवलंच नाही!"

त्या दिवशी हा माणूस मला जो आवडला, तो आजपर्यंत.

*

रिटायर झाल्यावर तरी घरी बसतील असं काकूंना वाटलं होतं. अमरावतीला मोठा सत्कार झाला. शालींचा ढीग पडला. नंतर थंडीत तायडे सर बाजारातून तणतणत आले. "मी देल्लेली शाल, साहेब! कोरकूची एक म्हातारी पांघरून फिरून राहिली!"

साहेबांनी आनंदानं विचारलं, "शोभते काय तिले?"

आणि दिवाळीनंतर पुन्हा स्टँडवर हजर! आता तर ऑफिसचीही कटकट नव्हती.

*

यंदा दिवाळी झाली आणि मी धास्तावल्या मनानं स्टँडवर गेले. बघते तर तायडे सर! कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

"सर, तुमी इथं?"

"मी काय... अकोल्याच्या गाडीची वाट पाहून राहिलो."

अकोल्याची गाडी आली. माणसं चढली, गाडी गेली. सर तिथंच.

"गर्दी लय होती," ते म्हणाले.

पुढची गाडी जवळपास रिकामी आली. सरांनी तिच्याकडे पाठ केली आणि परतवाड्याच्या रस्त्याकडे बघत राहिले.

शेवटी जीप आली. बायका उतरल्या, गाठोडी उतरली. एक तरुण बाप लहान मुलीचा हात धरून गोंधळून उभा राहिला. यंदा पहिल्यांदाच मेळघाटातून खाली आला असावा. आम्हां दोघांना बघून जवळ आला.

"गावंडे साब कौन है? गाँव में बोले, लड़की को उन्हीच के हाथ में देना."

तायडे सरांनी पिशवी खाली ठेवली आणि पुढे झाले.

"मीच होय, भाऊ. आना पोरीले इकडं."