ओढ्याशी भांडणारी आक्का

आक्काच्या रानातून कुणाला चिखलाच्या पायानं बाहेर पडायची सोय नव्हती. पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या रानातून चार पावलं चाललं की पायाला मातीचे हे एवढे गोळे चिकटतात. बांधावर आक्का काडी घेऊन उभी. पाय खरवडायचे, माती खाली पाडायची, मगच बांध ओलांडायचा. तलाठी आले तरी तेच. "ओढा न्यायलाय ते काय कमी हाय? आता तूबी घेऊन चाललीस व्हय?" असं म्हणून तिनं मला माझ्या लग्नातल्या नव्या चपला काढायला लावल्या होत्या. मी चिडले, धुसफुसले, पण चपला खरवडल्या.

आक्का म्हणजे माझी सख्खी आत्या, पण सगळं गाव तिला आक्काच म्हणायचं. पालमहून एस.टी.नं यायचं, फाट्यावर उतरायचं आणि ओढ्याच्या कडेकडेनं चालत जायचं, की वळणावर तिचं रान. ओढा तिथं असा काही वळतो की पुराचं सगळं पाणी थेट तिच्या काठावर येऊन आदळतं. दर पावसाळ्यात काठ खालून पोखरायचा आणि वरून ढासळायचा. तुरीच्या उभ्या ओळीसकट माती पाण्यात जायची. मग आक्का काठावर उभी राहून ओढ्याला "खादाड्या, मेल्या" म्हणायची. लोकांदेखत, मोठ्यानं.

हे भांडण नुसत्या तुरीपायी नव्हतं. आम्ही शिवाची भक्ती करणारी लिंगायत माणसं, आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. हातात लिंग देऊन, बसवून, आपल्याच रानात मातीआड करतात. आप्पांना, म्हणजे आक्काच्या नवऱ्याला, असंच कडुलिंबाखाली बसवलं होतं आणि शेजारची जागा तिनं स्वतःसाठी राखली होती. तेव्हा लिंबापासून ओढा दिसतसुद्धा नव्हता. काठ आणि समाधी यांच्यामधून आधी बैलगाडी जायची. पुढं नुसता बैल जायला लागला. मग एकटं माणूस, तेही अंग चोरून. दर सोमवारी बेल वाहायला गेली की आक्का तेवढी जागा डोळ्यांनी जोखायची आणि "आजून बसलेत" म्हणत घरी यायची. आप्पांच्या शेजारी जाऊन बसायचं, एवढीच तिची इच्छा होती आणि तेवढ्यावरच ओढा उठला होता.

काय काय केलं तिनं! निरगुडी लावली, वाळा लावला, शिंदी लावली. ओढ्यानं सगळं मुळासकट उचललं. तिचा मुलगा अण्णा मठातल्या स्वामींना विचारून आला की समाधी वर माळाकडं हलवता येईल. आक्का भडकलीच. "बसलेल्या माणसाला उठवायलास व्हय रे? जेवताना तरी उठवतो का कुणाला?" विषय संपला. मग तिनं हट्टानं माळावरचे धोंडे ट्रॅक्टरनं आणवले आणि वळणावर छातीएवढी भिंत रचून घेतली. त्या पावसाळ्यात काठाचं एक ढेकूळ पडलं नाही. आम्हाला मुद्दाम बोलावून तिनं पुरणपोळ्या घातल्या. तुपाची धार सोडता सोडता मला म्हणाली, "जिरवली का न्हाई त्याची?" इतकी खूश मी तिला घरच्या लग्नातही पाहिली नव्हती.

पण भिंतीला धडकलेलं पाणी जाणार कुठं? ते पलीकडच्या किसनरावांच्या काठाला भिडलं. तिकडं त्यांची विहीर होती, अख्ख्या रानाला एकच. पुढच्या पावसात विहिरीचा कठडा ओढ्यात गेला. किसनराव भांडायला आले असते तर आक्काला सोपं गेलं असतं, भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. ते नुसते ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आक्का, औंदा माझी हीर ऱ्हात न्हाई बगा." आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आक्का लोखंडी सब्बल घेऊन आपलीच भिंत फोडायला लागली. अण्णा पुढं हात जोडून उभा. "आई, आप्पा जातील गं!" आक्का घामानं निथळत होती आणि रडतही होती. "तुजे आप्पा मेलेत रे. त्याची हीर जिती हाय," म्हणाली आणि पुन्हा सब्बल घातली. अण्णा तरातरा निघून गेला. संध्याकाळी मात्र तोच परत येऊन उरलेले धोंडे ओढू लागला.

पुढच्याच पुरात लिंब कलला आणि समाधीसकट काठ खाली गेला. मी तिथंच होते. मला वाटलं, आता ही छाती पिटणार. पण नाही. त्या दिवशी तिनं ओढ्याला एक शिवी दिली नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

पाणी ओसरल्यावर ती मला घेऊन ओढ्याच्या खालच्या अंगाला चालत गेली. तिथं किसनरावांच्या दुसऱ्या तुकड्यापाशी ओढा पसरतो, पाण्याचा जोर मरतो आणि वरून आणलेली माती खाली बसते. गाळाचा एक नवा पट्टाच तिथं तयार झाला होता. किसनराव त्यात हरभरा पेरत होते. आक्कानं मूठभर गाळ उचलला, तळव्यावर चोळला, वास घेतला. "आमच्याच रानाची हाय."

"मंग न्या की पाटीत भरून," किसनराव हसले.

आक्का हसली नाही. "माती नगं. मी गेल्यावर मला हितं जागा द्या."

 मी म्हटलं, "आक्का, अगं हा गाळ. आज आहे, उद्या ओढा नेईल."

"नेऊ दे की. ह्यास्नी नेलंय तिकडंच नेईल ना?"

आक्का थंडीत गेली. अण्णानं घरामागं उंचावर, जिथं पाणी कधी पोचणार नाही अशी जागा काढून ठेवली होती. आईला दुसऱ्याच्या रानात ठेवायचं म्हणजे भाऊबंद काय म्हणतील, ही त्याची धास्तीही खोटी नव्हती. मी आक्काचं बोलणं सांगितलं तर तो माझ्यावरच ओरडला. तेवढ्यात किसनराव दारात आले, कोपरापर्यंत गाळानं माखलेले. "खड्डा तयार हाय," म्हणाले. अण्णा एकदम लहान पोरासारखा रडायला लागला. आक्काला आम्ही तिकडंच नेलं.

त्याला आता काही पावसाळे झाले. मी परभणीत असते. इथं आमच्या गल्लीत सगळा सिमेंटचा रस्ता, पायाला माती लागायचीच सोय नाही. आक्का पाहिजे होती, असं दिवसातून कितीदा तरी मनात येतं. तिच्यासारखं हक्कानं रागावणारं आता कुणी राहिलं नाही. पाऊस जोरात लागला की मी किसनरावांना फोन करते आणि विचारते, "आक्का?" ते म्हणतात, "हायत की." मग दोघं पिकापाण्याचं बोलतो.

औंदा दोन दिवस धो धो पडला. फोन लागेना. लागला तेव्हा मी विचारायच्या आतच किसनराव म्हणाले, "ताई, आक्का सकाळी निघाल्या."

मी म्हटलं, "एकट्याच?"

"एकट्या कशाला जातील! माझा अर्धा काठ संगं घेऊन गेल्या."

मी खळखळून हसले. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही, आणि पलीकडून किसनरावांनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.